जुन्या लष्करी रायफलची शिकारी बंदूक करता येते का? परभणीच्या आखाड्यावरचा प्रश्न आणि कायद्याचं उत्तर

सोयाबीन निघालं, तूर फुलोऱ्यात आली आणि हरभरा वीतभर वर आला की परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची रात्र आखाड्यावर जाते. जिंतूरचा डोंगराळ पट्टा असो की गोदाकाठचं पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, तक्रार सगळीकडे सारखीच. रानडुकरांचा कळप शिरला की खातो कमी आणि तुडवतो जास्त. रोही तर भरल्या शेतातून निवांत फिरतात. फटाके झाले, डबे बडवून झाले, जुन्या साड्यांचं कुंपण झालं, झटका मशीन बसवून झालं, तरी पीक जातंच. मग जागलीच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो: बंदूक.

या गप्पांना अलीकडे एक नवं वळण लागलंय, आणि त्याला कारण यूट्यूब. अमेरिकेतला कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातली गंजलेली रायफल घेतो, तिचा मधला लोखंडी भाग तेवढा ठेवतो, त्यावर नवी नळी आणि नवा दस्ता चढवतो, वर दुर्बीण लावतो आणि शिकारीला निघतो. हे व्हिडिओ पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच येतं की आपल्या पोलिसांनी पण हजारो जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ काढून टाकल्यात. त्या भंगारात जाण्यापेक्षा शेतकऱ्याला दिल्या तर? किंवा एखाद्या जुन्या वाड्यात पडलेली रायफल चांगल्या कारागिराकडून नवी करून घेतली तर?

थोडक्यात उत्तर: नाही. तसा प्रयत्न केला तर किमान सात वर्षांची कैद होऊ शकते. पण हे ‘नाही’ कुठून आलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात इंग्रजांची भीती आहे, पुण्यातल्या खडकीचा कारखाना आहे आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात ठासणीची बंदूक देणारं एक कलमही आहे.

रायफलचं काळीज

बोल्ट अॅक्शन रायफल म्हणजे दरवाजाच्या कडीसारखा दांडा वर उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली दाबायचा आणि मग चाप ओढायचा. दरवेळी एकच गोळी. दांडा ज्या पोलादी चौकटीत मागेपुढे सरकतो ती चौकट आणि तो दांडा मिळून होते ‘अॅक्शन’. गोळी सुटताना काडतुसामागे प्रचंड दाब तयार होतो. तो दाब ही अॅक्शन सहन करते, म्हणून नेमबाजाचा चेहरा सुरक्षित राहतो. नळी झिजते, लाकूड सडतं, पण चांगल्या पोलादाची अॅक्शन शंभर वर्षं टिकते.

जुन्या लष्करी अॅक्शनला मागणी आहे ती यामुळेच. सैन्यासाठी बनवलेली वस्तू चिखलात, थंडीत, वाळूत चालावी अशी मजबूत असायची, आणि युद्ध संपलं की ती कवडीमोलाने विकली जायची. जर्मनीच्या पाउल माउझर यांची १८९८ सालची रचना यात सगळ्यात गाजली. लंडनच्या रिग्बीसारख्या नामांकित बंदूकवाल्यांनी माउझर अॅक्शनवर शिकारी रायफली बनवल्या. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, म्हणजे माउझर अॅक्शनचीच. तिचं काडतूसही मुळात लष्करी होतं. त्याच काडतुसाच्या माउझर रायफली घेऊन दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी काही वर्षं आधी इंग्रजांशी लढले होते. शिकारी बंदूक आणि लष्करी बंदूक यांच्यातली भिंत तेव्हाही पातळच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तर अशा रायफली टपालाने घरपोच मिळायच्या. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती जुन्या इटालियन लष्करी रायफलने. दुर्बिणीसकट तिची किंमत वीस डॉलरच्या आत होती आणि ती टपालानेच मागवलेली होती. पुढे १९६८ मध्ये तिथे कायदा कडक झाला, तरी एक गोष्ट राहिली. अमेरिकी कायद्याच्या नजरेत अॅक्शनची चौकट म्हणजेच ‘बंदूक’. नळी, दस्ता, दुर्बीण हे नुसते सुटे भाग. त्यामुळे चौकट कायदेशीर मार्गाने घेतली की बाकीची जुळवाजुळव घरच्या टेबलावर करता येते. यूट्यूबवर जे दिसतं ते याच नियमाच्या जोरावर.

आपल्याकडे हा उद्योग सरकारनेच केला

लष्करी रायफल बदलून दुसरीच वस्तू तयार करणं भारतात कुणी केलंच नाही असं नाही. ते सरकारने केलं, आणि तेही अविश्वासापोटी.

१८५७ नंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती गोऱ्या पलटणींच्या तोडीची बंदूक पडणार नाही याची बराच काळ काळजी घेतली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना सूट दिली. पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी .३०३ ली-एनफिल्ड रायफलीचं रूपांतर .४१० मस्केटमध्ये करण्यात आलं. नळीतले गोळीला फिरकी देणारे आटे काढून ती आतून गुळगुळीत केली आणि एका वेळी एकच गोळी भरता येईल अशी व्यवस्था केली. दिसायला तीच रायफल, पण पल्ला आणि अचूकपणा दोन्ही गेलं. एखादा शिपाई बंदूक घेऊन पळाला, तरी ती फारशी कामाची नाही!

त्याच काळात आणखी एक नियम आला. १९०७ च्या सुमारास सरकारने भारतात .४५० बोअरच्या रायफलींच्या आयातीवर बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफली बंडखोरांकडे पोचल्या होत्या आणि त्यांना दारूगोळा मिळू नये असं सरकारला वाटत होतं. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४७० सारखे थोडे वेगळे बोअर काढले आणि साहेबांची हत्तीची शिकार चालू राहिली. भारतीय शस्त्र कायद्याची सवय इथे पडली. बंदूक किती घातक आहे यापेक्षा तिच्यात फौजेचं काडतूस बसतं का, हे आधी पाहायचं.

ही सवय स्वातंत्र्यानंतरही सुटली नाही. आजच्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात .३०३ किंवा ७.६२ मिमी बोअरच्या रायफली तर वरच्या, निर्बंधित गटात आहेतच, शिवाय ही लष्करी काडतुसं ज्यात भरून डागता येतील अशी दुसरी कोणतीही रायफल त्यात येते. तुरुंगरक्षकांची ती .४१० मस्केटसुद्धा याच यादीत आहे. बोलीभाषेत याला ‘प्रोहिबिटेड बोअर’ म्हणतात. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडून यावा लागतो.

मग सामान्य परवानाधारकाला रायफल हवी असेल तर? त्यासाठी .३१५. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात बनणारी ही ‘स्पोर्टिंग रायफल’ म्हणजे ली-एनफिल्डची बहीणच. अॅक्शन त्याच वळणाची, पण काडतूस वेगळं. ते मुळात एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं ८ मिमी काडतूस. इंग्रजांच्या आणि नंतर आपल्या फौजेने ते वापरलं नाही, म्हणून ते नागरिकांना चालतं. याची काडतुसं पुण्याच्या खडकीत बनतात. १८६९ साली सुरू झालेला तिथला दारूगोळा कारखाना २०२१ पासून ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीत आहे.

म्हणजे ‘जुन्या लष्करी अॅक्शनवर नागरी रायफल’ ही कल्पना भारतात जिवंत आहे. फक्त ती बनवायची मक्तेदारी गावातल्या कारागिराकडे नाही.

या बोअरच्या हिशेबाचा एक उफराटा परिणामही झाला. .३१५ चं काडतूस बाजारात कायदेशीरपणे मिळतं, म्हणून उत्तर भारतातले गावठी कट्टे बहुतेकदा त्याच मापाचे निघतात. फौजेचा दारूगोळा वाचवण्यासाठी काढलेला बोअर गुन्हेगारांच्या सोयीचा ठरला.

सुटा भाग म्हणजेही शस्त्रच

आता मूळ प्रश्न. समजा कुणाला जुन्या रायफलची नुसती अॅक्शन मिळाली, नळीही नाही आणि दस्ताही नाही. ती बंदूक आहे का?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधली व्याख्या बघितली तर ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्रांचे भाग आणि शस्त्रं तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. इथे अमेरिकेसारखा ‘एवढाच भाग बंदूक, बाकी लोखंड’ असा भेद नाही. अॅक्शन शस्त्र, नळी शस्त्र, आणि बनवायचं यंत्रही शस्त्र.

पुढचं कलम ५. परवान्याशिवाय बंदूक तयार करणं, विकणं, हस्तांतरित करणं, तिचं रूपांतर करणं, दुरुस्ती करणं, चाचणी घेणं हे सगळं त्यात बंद आहे. आपल्याकडे बंदूक बाळगायचा परवाना आहे म्हणजे ती उघडून सुधारायचा परवाना आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बाळगण्याचा परवाना वेगळा, बनवण्या-दुरुस्तीचा वेगळा. दुरुस्ती परवानाधारक बंदूकवाल्याकडेच करायची. कलम ६ मध्ये नळी आखूड करणं आणि नकली बंदुकीची खरी करणं बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला एका गटातलं शस्त्र दुसऱ्या गटात बदलण्याची भर घातली. म्हणजे ‘.३०३ ची नळी बदलून .३१५ करून घेऊ, मग ती चालेल’ ही जी युक्ती गप्पांत ऐकू येते, ती थेट या कलमावर जाऊन आदळते.

शिक्षाही २०१९ नंतर मोठी झाली आहे. विनापरवाना बंदूक बनवणं किंवा तिचं रूपांतर करणं याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. नुसती विनापरवाना बंदूक बाळगली तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. सरकारच्या मूळ विधेयकात तर एकच होती.

जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातलं उमर्टी गाव महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या तपासात पुन्हा पुन्हा येतं ते याच कलमांखाली. तिथला कारागीर हाताने पिस्तूल घडवतो आणि शेतकरी हौसेने रायफल जुळवून घेतो, तेव्हा दोघांच्या हेतूत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, पण कलम तेच लागतं. मला स्वतःला इथे कायदा थोडा आंधळा वाटतो. तरी त्यामागचं एक कारण पटण्यासारखं आहे. जुनी अॅक्शन आणि नवी नळी यांच्यात केसाएवढी फट चुकली तरी काडतूस मागच्या बाजूला फुटू शकतं. अधिकृत कारखान्यात बंदूक दाबाच्या चाचणीतून जाते, तिच्यावर खूण आणि क्रमांक उमटतो. तो क्रमांक खोडणं किंवा क्रमांक नसलेली बंदूक विकणं यालासुद्धा कलम ८ खाली बंदी आहे.

वाड्यात सापडलेल्या जुन्या बंदुकीचं काय? कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती लोक समजतात तेवढी सैल नाही. जुनाट नमुन्याचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचं शस्त्र कायद्याच्या बाहेर राहतं ते दुरुस्ती करूनही चालणार नसेल तरच. ‘दुरुस्ती करूनही’ हे दोन शब्द इथे सगळं ठरवतात. आजोबांची रायफल नुसती गंजलेली असेल, पण तेलपाणी करून चालू होण्यासारखी असेल, तर ती शोभेची वस्तू नाही, शस्त्र आहे. ती भिंतीवर टांगून फोटो टाकण्याआधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने रीतसर अर्ज करणं हाच सरळ मार्ग.

पोलिसांच्या बंदुका मग जातात कुठे?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतल्या सीएसटी स्थानकावर अतिरेक्यांकडे एके-४७ होत्या आणि समोर काही पोलिसांच्या हातात .३०३. त्यानंतर राज्याराज्यांत या रायफली बदलण्याचा वेग वाढला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला जाहीर निरोप दिला. पण निवृत्त झालेली सरकारी रायफल बाजारात विकायला येत नाही. कारण वर आलंच आहे: ती .३०३ आहे, फौजेचं काडतूस त्यात बसतं. रायफल म्हातारी झाली म्हणून तिचा गट बदलत नाही.

शेतकऱ्यासाठी कायद्यात आहे ती ठासणीची बंदूक

हे सगळं वाचून वाटेल की शेतकऱ्याचा कायद्याने विचारच केला नाही. केला आहे, पण १९५९ सालच्या नजरेने.

कलम १३ म्हणतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना दिला जाईल. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, शिवकाळातल्या बंदुकीचीच पुढची पिढी. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याचं समाधान झालं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे साधारणपणे बारा बोअर, देता येते. पीकसंरक्षणाच्या या तरतुदीत रायफल कुठेच नाही. रायफलसाठी ‘सबळ कारण’ वेगळं दाखवावं लागतं, आणि ते पटवून घेणं न घेणं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असतं.

ठासणीची बंदूक आज हास्यास्पद वाटते. एक बार काढून पुन्हा भरेपर्यंत कळप पुढच्या शिवारात पोचलेला असतो. पण रायफल नको, या मुद्द्यावर मात्र मी कायद्याच्या बाजूने आहे, आणि कारण परभणीची जमीन. बारा बोअरचे छर्रे शंभर मीटरच्या आतच कामाचे. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. जिल्ह्याचा बराच भाग सपाट काळ्या रानाचा, अडवायला टेकडी नाही, आणि रात्रीच्या अंधारात शेजारच्या प्रत्येक आखाड्यावर कुणीतरी जागलीला झोपलेलं. हुकलेली गोळी कुठे थांबेल हे सांगता येत नाही.

दुसरी अडचण अशी की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि रोही हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी कलम ११ खाली वनखातं देऊ शकतं, आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये शासन निर्णय काढून रानडुक्कर व रोह्यांसाठी त्याची पद्धत ठरवली. पण काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. ते हरभऱ्यात कितीही शिरलं तरी पिकाच्या नुकसानीचं कारण चालत नाही. काळोखात रोह्याचं पाडस समजून काळविटावर बार टाकणारा शेतकरी एका रात्रीत दोन कायद्यांत अडकतो.

मग बंदुका खरंच कुणाकडे आहेत? मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी परवान्यांचे आकडे समोर ठेवले. त्यांनी दिलेल्या माहितीप्रमाणे बीडमध्ये १,२२२ शस्त्र परवाने होते आणि शेजारच्या परभणीत ३२. दोन्ही जिल्ह्यांत तूर तीच, सोयाबीन तेच, रानडुकरंही गोदावरी ओलांडताना जिल्ह्याची हद्द विचारत नाहीत. एवढा फरक पिकाच्या राखणीमुळे पडला असेल यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. त्यानंतर बीडमध्ये परवान्यांची तपासणी आणि रद्द करण्याची कारवाई सुरू झाली. शेजारी हे घडल्यावर परभणीतला अधिकारी नव्या अर्जाकडे मोकळ्या मनाने पाहील ही अपेक्षा फार धरता येत नाही. त्याचा फटका ज्याला खरोखर राखणीसाठी बारा बोअर हवी आहे त्याला बसतो.

काही ठिकाणी यावर तिसराच मार्ग निघाला. २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात रोही मारायला हैदराबादहून नेमबाज बोलावले गेले, आणि केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात, त्यावरून जाहीर वाद झाला. त्याच सुमारास चंद्रपुरात मारलेल्या रानडुकरांचा विषयही त्या वादात होता. प्रशिक्षित, परवानाधारक आणि वनखात्याने नेमलेला माणूस हा मार्ग प्रत्येक आखाड्यावर एक रायफल ठेवण्यापेक्षा मला तरी कमी धोक्याचा वाटतो. आणि नेमबाजीची हौसच असेल, तर रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी .२२ बोअरच्या रायफलची वाट त्याच कलम १३ मध्ये आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं, तेही .२२ नेच.

आज परभणीतल्या शेतकऱ्याला कायद्याने काही करायचंच असेल तर दोन वेगळे अर्ज करावे लागतात. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयात, जिथे पोलिसांचा अहवाल आल्याशिवाय फाइल हलत नाही. आणि रानडुक्कर किंवा रोही मारण्याची परवानगी वनखात्याकडे. एक हातात असून दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग नाही, आणि दोन्ही येईपर्यंत हरभरा बहुतेक घाटे धरून मोकळा झालेला असतो.